हात टेकणे

यंत्र अगदी साधं असतं.
दांडा मुठीत धरायचा, आवळायचा,
काटा सरकतो, थांबतो, मी आकडा लिहिते.
हल शहरातल्या या दवाखान्यात
सकाळी नऊपासून मी
माणसांचं बळ किलोत मोजते.

विल्फ्रेड गार्बट, वय एक्क्याऐंशी.
उजवा हात नऊ. डावा साडेसात.
चष्मा लावून त्यांनी काटा नीट वाचला,
मापात खोट तर नाही ना, अशा नजरेनं,
आणि म्हणाले, "चला,
एका बऱ्यापैकी कॉड माशाएवढा तरी उरलोय."
मी हसले. मनात तक्ता बघत होते:
या वयाला किमान इतके,
त्याखाली धोका,
त्याखाली तक्ता काहीच बोलत नाही.

मग कोमट मेणात हात बुडवून बसले असताना
त्यांनी ती रात्र सांगितली, मी न विचारता.
आइसलंडच्याही वर. फेब्रुवारी. वय तेवीस.
उडालेलं पाणी दोरांवर पडतं आणि तिथंच गोठतं.
बोट वरून जड होत जाते
आणि एका क्षणी कुशीवर वळते,
झोपेत माणूस वळतो तशी,
फक्त परत वळत नाही.
म्हणून कुऱ्हाडी. हातोडे. कुणाकडे नुसता पाना.
अठरा माणसं रात्रभर बर्फ फोडत होती
आणि फोडलेल्याहून साचत होतं जास्त.
"तुझ्यासारखा हिशेब मलाही येत होता, पोरी."

पहाटे चारला कप्तान म्हणाला, पुरे.
आत या. चहा घ्या.

आपल्याकडे याला हात टेकणे म्हणतात
आणि म्हणताना आवाज खाली जातो.
ते मात्र असं सांगत होते
जसा दिवसभर चालून आलेला माणूस
ओट्यावर बसतो
आणि मागे हात टेकतो.
ओल्या लोकरीचा वास. पाव, जाम.
कप्तानानं टोपी काढून दोन ओळींची प्रार्थना म्हटली,
तीही अर्धी विसरला.
"आणि मी झोपलो. बूट घालून.
आईच्या घरातही तसा कधी झोपलो नव्हतो."

सकाळी वारा फिरला होता, एवढंच.

मी भांडखोर आहे. विचारलं,
ज्या बोटी परत आल्या नाहीत
त्यांच्यावर काय प्रार्थना नव्हत्या?

खिडकीबाहेर हंबर नदीचं धुकं,
समोरची गाड्यांची रांगही त्यात बुडालेली.
खूप वेळ ते तिकडे बघत राहिले.
"त्यांनाही कुणीतरी चहा दिला असेल,
एवढीच आशा आहे मला."
आणि थोड्या वेळानं, जणू मेणालाच,
"मी वाचलो म्हणून विश्वास बसला, असं नाही.
वारा फिरायच्या आधीच झोपलो होतो मी."

मेण सोललं. हातमोज्यासारखं निघालं.
आत त्यांची बोटं, गुलाबी, वाफाळती,
अजूनही नऊ किलोंचीच.

सगळे गेल्यावर यंत्र मी स्वतः आवळलं.
एकतीस. उत्तम.
या एकतीस किलोंनी काय काय धरून ठेवलंय मी:
व्हिसाची तारीख, गॅसच्या मीटरचं रीडिंग,
भावाचा न आलेला फोन,
रात्री दोनदा उठून तपासलेली कडी.
झाकली मूठ सव्वा लाखाची, दत्तूकाका म्हणत.
मी उघडून पाहिली.
तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी. बाकी काही नाही.

देव मला अजून ओळखत नाही,
किंवा मी त्याला; नक्की कोण चुकतंय ठाऊक नाही.
तरी त्या रात्री कडी एकदाच लावली.
आधण ठेवलं. किसणी सापडेना
म्हणून आलं दातानं तोडून टाकलं.
बाहेर धुकं तसंच होतं,
रस्त्यापलीकडचं घर होतं की नव्हतं, सांगता आलं नसतं.
कप टेबलावर ठेवला
आणि त्याच्या दोन्ही बाजूंना
मी हात टेकले.